चार ठोक्यांची जागा

गोमटेशनं शिडीवर चढून शेवटचं गोणपाट पत्र्याच्या भिंतीवर ताणून धरलं, दातांत धरलेला खिळा काढला आणि ठोकला. मग खाली उतरून वखारीच्या मधोमध उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. काल हीच टाळी पत्र्यावर आपटून चार वेळा परत येत होती. आज एकदाच वाजली आणि गप्प झाली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं आणखी पाच-सहा टाळ्या वाजवल्या. मंगल कार्यालयाच्या खुर्च्या मांडणाऱ्या म्हाताऱ्या गुंडूनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि पुढची खुर्ची उघडली.

निपाणीत तंबाखूच्या वखारी काही कमी नाहीत, पण आवाज घुमू नये म्हणून आतून गोणपाटं ठोकलेली वखार ही एकच. नवा माल यायला अजून दीड महिना होता. रिकामी वखार त्यानं तीनदा झाडून घेतली होती, दोनदा धुऊन काढली होती, तरी आत येणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. त्याला इलाज नव्हता. आजोबांपासूनचा वास आठवड्याभरात कसा जाणार? दोनशे खुर्च्या, एका टोकाला हातभर उंचीचं फळ्यांचं व्यासपीठ आणि बाहेर मांडवात जेवणाची टेबलं, एवढी सगळी तयारी. कार्यक्रम साडेतीनला सुरू आणि पाचला बंद, कारण येणाऱ्यांतली निम्मी माणसं जैन घरांतली, आणि त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं. रॉक बँडचा कार्यक्रम अशा वेळापत्रकानं जगात दुसरीकडं कुठं होत असेल, तर ते गोमटेशला ठाऊक नव्हतं.

बँडचं नाव ‘नाका’. तीस वर्षांपूर्वी बेळगावात शिकणाऱ्या चार जणांनी तो काढला. गाणी स्वतःची, मराठीत, आणि मधूनच एखादी ओळ कन्नडमध्ये, कुणाची परवानगी न घेता. हे लोक मुंबईला गेले नाहीत, सिनेमात आले नाहीत, टीव्हीवर दिसले नाहीत. पदरमोड करून एक कॅसेट काढली, पुढं दोन सीड्या. ज्यांना ‘नाका’ माहीत नव्हता त्यांना तो अजिबात माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांना तो अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ होता. चौघांतला एक परदेशी गेला. उरले तिघं: गाणारा आणि गिटार वाजवणारा येळ्ळूरचा नागेंद्र, ड्रमवर भरमू आणि कीबोर्डवर नीलम. तिघांचीही पन्नाशी उलटलेली. आणि ते आज गोमटेशच्या वखारीत वाजवणार होते.

हे सहजासहजी घडलं नव्हतं. सहा वर्षं गोमटेश नागेंद्रला फोन करत होता आणि सहा वर्षं नागेंद्र एकच उत्तर देत होता, निपाणी-चिकोडी भागात आम्ही वाजवत नाही. का, ते सांगत नव्हता. या वर्षी बँडला तीस वर्षं पूर्ण झाली म्हणून की काय, तो एकदाचा हो म्हणाला, पण एक अट घालून. ‘कागलची गाडी’ हे गाणं वाजवणार नाही. कुणी मागणी करायची नाही, आग्रह करायचा नाही.

‘कागलची गाडी’ म्हणजे ‘नाका’चा प्राण. कोगनोळीच्या नाक्यावर एक जण कागलहून येणाऱ्या एसटीची वाट बघतोय, गाडीत ती आहे, एवढंच ते गाणं. या भागातल्या चाळिशीपुढच्या माणसाला झोपेतून उठवून म्हणायला सांगितलं तरी म्हणेल असं. ते वगळून कार्यक्रम म्हणजे लग्न करायचं आणि नवरी आणायची नाही, असं गोमटेशचा मित्र कुमार फोनवर म्हणाला होता. गोमटेशनंही वरवर हळहळ व्यक्त केली. आतून मात्र त्याचा जीव भांड्यात पडला होता.

त्याला कारण होतं, आणि ते कारण आता त्याच्या बायकोच्या, सोनलच्या हाताला धरून वखारीच्या दारात उभं होतं.

“किती शिंका आल्या गं तुला?” राजमतीनं सुनेला विचारलं आणि स्वतः चौथी शिंक दिली.

गोमटेशची आई शहात्तर वर्षांची. तिला गाण्याबजावण्यात रस नव्हता, पण पोरगा महिनाभर गोणपाटांच्या मागं वेड्यासारखा लागलाय म्हणजे काय चाललंय ते बघायला हवं, असं तिनं जाहीर केलं होतं. गोमटेशनं आवाजाची भीती घातली, तंबाखूच्या धुळीची घातली. ती म्हणाली, ह्या धुळीतच तर तुला वाढवला. गाण्याची अट नसती तर त्यानं आणखी काहीतरी निमित्त काढून तिला घरी ठेवलं असतं. पण गाणंच होणार नव्हतं, त्यामुळं भीती नव्हती. त्यानं तिला पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसवलं.

भीती होती ती सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका कॅसेटची.

तेव्हा गोमटेश एकोणीस वर्षांचा होता. बेळगावात शिकणाऱ्या कुमारनं ‘नाका’ची कॅसेट एका दिवसासाठी आणली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. होती ती आईच्या प्रवचनांची. आदल्या वर्षी गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला होता. त्यांच्या एका प्रवचनात राजमतीचं नाव आलं होतं. तिनं केलेल्या उपवासांचा उल्लेख करून महाराज म्हणाले होते, मन असं स्थिर हवं. एवढंच, एक वाक्य. पुढं महाराजांची समाधी झाली, आणि त्या वाक्याची ती एकच कॅसेट जगात उरली. राजमती ती दर पौर्णिमेला ऐकायची. नेमकी त्याच दिवशी सकाळी शेजारच्या घरातल्या पद्माकाकूनं, म्हणजे राजमतीच्या धाकट्या जावेनं, ऐकायला नेलेली ती कॅसेट परत आणून गोमटेशच्या हातात दिली होती. आई शेतावर होती. कॅसेट त्याच्या हातात होती आणि कुमार घड्याळ बघत होता.

दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, दारं-खिडक्या लावून, श्वास रोखून त्यांनी रेकॉर्डिंग केलं. ‘कागलची गाडी’मध्ये दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं एकदम थांबतात. गाडी नाक्यावर उभी राहते, इंजिन बंद होतं. चार ठोके नुसती शांतता, आणि मग गाणं पुन्हा सुरू. त्याच चार ठोक्यांत, शेतावरून आलेल्या राजमतीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

“दिवस मावळाय लागला, ताट वाढलंय, ये की रं.”

हाक त्या जागेत अशी चपखल बसली की जणू तिच्यासाठीच जागा मोकळी सोडली होती. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. कुमार कॅसेट घेऊन पळाला. गोमटेशच्या कॅसेटवरून मित्रांनी आपल्या कॅसेटी भरल्या, त्यांच्यावरून त्यांच्या मित्रांनी, आणि वर्षभरात चिकोडीपासून कोगनोळीपर्यंत जिथं जिथं ‘नाका’ वाजत होता तिथं तिथं तो राजमतीच्या हाकेसकट वाजत होता. कुणाची हाक ते कुमारखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना ती गाण्याचाच भाग वाटली. हल्ली पोरं मोबाईलवर खरं गाणं ऐकतात, त्यात हाक नसते, तर बाप त्यांना सांगतात की मोबाईलवर गाणं कापून टाकलंय.

आणि इकडं घरात राजमती कॅसेट शोधत राहिली. कपाटं उपसली, माळा उतरवला. शेवटी तिनं पद्माकाकूला विचारलं. काकू म्हणाली, दिली की परत. कुणाच्या हातात दिली ते सांगितलं तेव्हा राजमतीनं गोमटेशकडं पाहिलं, आणि गोमटेश म्हणाला, मला नाही आठवत. मला नाही आठवत, एवढेच तीन शब्द. पद्माकाकूनं बसदीत देवासमोर उभं राहून सांगितलं, तरी राजमतीचा विश्वास बसला नाही. आपला मुलगा खोटं बोलणार नाही, मग खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय, इतका सरळ हिशेब होता तो. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी म्हाताऱ्या झाल्या.

दरवर्षी पर्युषण संपलं की सगळे एकमेकांची क्षमा मागतात, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर, म्हणून. गोमटेशही दरवर्षी आईपुढं हात जोडायचा, आई ‘उत्तम क्षमा’ म्हणायची, आणि त्या ‘जाणता’मध्ये काय दडलंय ते त्याच्या पोटात राहायचं. दोघी जावासुद्धा बसदीच्या पायरीवर एकमेकींना हात जोडायच्या. तोंडाकडं न बघता.

सव्वातीनला वखार भरली. चिकोडीहून दोन जीप भरून माणसं आली, संकेश्वरहून आली, कोल्हापूरहून काही आली. बहुतेक पोट सुटलेले, चष्मेवाले, बँकेतले, शाळेतले, दुकानातले. दारात शिंकायचे, मग एकमेकांना ओळखून मिठ्या मारायचे. साडेतीनला दोन मिनिटं असताना पद्माकाकूची सून दिव्या काकूला घेऊन आली आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसली. काकू कशी आली, असं गोमटेशनं खुणेनं विचारलं. दिव्यानं खांदे उडवले. घरात एकटी बसून काय करणार, असा त्याचा अर्थ होता.

तिघं व्यासपीठावर चढले. नागेंद्रनं माईकसमोर तोंड नेलं आणि तो शिंकला. दोनशे माणसं हसली आणि तिथंच कार्यक्रम अर्धा जिंकला गेला.

मग त्यांनी जे वाजवलं ते गोमटेश उभ्यानं ऐकत राहिला, भिंतीला पाठ लावून. नागेंद्रचा आवाज पूर्वीपेक्षा खाली आला होता, पण त्यात आता वजन होतं. भरमू म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्तीला आलेला, टक्कल पडलेला माणूस, पण काड्या हातात घेतल्यावर त्याचं वय कुठं गेलं कोण जाणे. नीलम डोळे मिटून वाजवत होती आणि मधूनच डोळे उघडून भरमूकडं बघून हसत होती. गोणपाटांनी काम चोख केलं होतं. प्रत्येक शब्द स्वच्छ येत होता. समोर माणसं पाय आपटत होती, खुर्च्यांच्या पाठी बडवत होती. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर, ज्यांना गोमटेशनं कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते दोन्ही हात वर करून गात होते. गोमटेशला वाटलं, आपण आयुष्यात एक काम तरी नीट केलं.

पावणेपाचला नागेंद्रनं पाणी प्यायलं आणि आता शेवटची दोन गाणी, असं सांगितलं. तेव्हा मागून कुणीतरी ‘कागलची गाडी’ म्हणालं. गोमटेशनं सगळ्यांना आधीच ताकीद दिली होती, पण गाण्याच्या भरात ताकीद कोण लक्षात ठेवतो? दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यानं म्हटलं, आणि बघता बघता अख्खी वखार खुर्च्या बडवून तेच नाव घेऊ लागली.

नागेंद्रनं हात वर केला. शांत व्हायला वेळ लागला.

“न्हाई वाजवायचं म्हणून आम्ही ठरवलंय,” तो म्हणाला. “का ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई. आज तुम्ही इतकं प्रेम केलंसा म्हणून सांगतो.”

मग त्यानं सांगितलं. कॅसेट निघाल्यावर दोन वर्षांनी चिकोडीत एका कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी हे गाणं वाजवलं होतं. दुसरं कडवं झालं, वाद्यं थांबली, आणि त्या शांततेत समोरची चारशे पोरं एका सुरात ओरडली, दिवस मावळाय लागला, ताट वाढलंय, ये की रं. म्हणजे काय, तर पुरे झालं तुमचं, घरी जा आणि जेवा. त्यांनी गाणं तिथंच सोडलं. पोरं हसत होती, टाळ्या वाजवत होती. भरमू बसमध्ये संकेश्वरपर्यंत रडत होता. तेव्हापासून या भागात पाय ठेवायचा नाही असा त्यांनी कानाला खडा लावला होता.

 मग एकजण गोंधळून म्हणाला, ते गाण्यातच आहे की. दुसरा म्हणाला, कॅसेटमध्ये आहे. नागेंद्र म्हणाला, आमच्या कॅसेटमध्ये नाही. आम्ही हसं करत नव्हतो हो, असं चिकोडीच्या जीपमधनं आलेला एकजण अगदी कळवळून म्हणाला. त्या गॅदरिंगला तो स्वतः होता. पण असं वाक्य आलं कुठून, हे कुणालाच सांगता येईना. नागेंद्र समजूतदारपणे हसला आणि गिटारच्या तारा जुळवू लागला. भरमू खाली मान घालून काडीचं टोक न्याहाळत होता.

गोमटेशनं भरमूकडं पाहिलं. एका कॅसेटनं दोन जावा तोडल्या, एवढंच तो आजवर धरून चालला होता. हा दुसरा हिशेब त्याला माहीतच नव्हता. ज्या माणसांची गाणी ऐकत तो मोठा झाला, त्यांना त्यानंच या भागातून घालवलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. सत्तावीस वर्षांचा सराव होता. दोन गाणी झाली असती, लोक जेवले असते, गाडी बेळगावला गेली असती. त्यानं पहिल्या रांगेकडं पाहिलं. राजमतीच्या कपाळावर आठी होती. ते वाक्य तिनं आयुष्यात हजारदा म्हटलं होतं. ते इथं, परक्या माणसाच्या तोंडी कसं आलं, ते तिला उमगत नव्हतं. मागं दाराजवळ पद्माकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

गोमटेश भिंतीपासून सुटला आणि व्यासपीठावर चढला. सोनल काहीतरी म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. नागेंद्रनं बाजूला होऊन माईक दिला.

“ती हाक माझ्या आईची हाय,” तो म्हणाला.

 दोन टेपरेकॉर्डर, लावून घेतलेली दारं, स्वयंपाकघरातून आलेली हाक, सगळं त्यानं सांगितलं. लोकांना हसू येऊ लागलं होतं. नीलमनं तोंडावर हात धरला होता. इथंच थांबता आलं असतं; बँडची समजूत पटली होती, गाणं मिळालं असतं. गोमटेश थांबला नाही.

“कोरी कॅसेट नव्हती. आईची महाराजांच्या प्रवचनाची कॅसेट होती, तिच्यावर घेतलं. ती कॅसेट पद्माकाकूनं त्याच दिवशी सकाळी माझ्या हातात दिलती. मला आठवत न्हाई म्हणून मी खोटं बोललो.”

आता कुणी हसलं नाही. ज्यांना या घराची गोष्ट माहीत होती त्यांनी माना खाली घातल्या, आणि ज्यांना माहीत नव्हती त्यांना त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. त्यानं माईक परत दिला आणि खाली उतरला. आईकडं बघायची त्याची छाती झाली नाही. तो पुन्हा भिंतीला जाऊन टेकला.

पहिला आवाज भरमूचा आला. तो हसत होता. आधी दबून, मग मोठ्यानं, मग डोळे पुसत. त्याच्या हसण्यानं नीलमला हसू फुटलं.

“पंचवीस वर्षं,” नागेंद्र माईकमध्ये म्हणाला, “आम्ही एका आईनं जेवायला बोलावलं म्हणून रुसून बसलतो.”

तो पहिल्या रांगेकडं वळला आणि राजमतीला त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. मग मागं वळून भरमूकडं पाहिलं. भरमूनं काड्या एकमेकींवर चारदा वाजवल्या आणि ‘कागलची गाडी’ सुरू झाली.

लोक उठून उभे राहिले. पहिलं कडवं नागेंद्रनं गायलंच नाही, लोकांनी गायलं. दुसऱ्या कडव्याला तो गायला आणि लोक त्याच्या मागून गेले. गोमटेशला गिटार पोटात ऐकू येत होती. मग वाद्यं थांबली, गाडी नाक्यावर उभी राहिली, आणि दोनशे माणसांनी, बँकेतल्या, शाळेतल्या, दुकानातल्या, छाती फुगवून हाक मारली, दिवस मावळाय लागला, ताट वाढलंय, ये की रं. पत्र्याचं छप्पर थरथरलं. चौथ्या ठोक्यावर हाक संपली आणि बरोबर पाचव्याला भरमूची काडी पडली, एका केसाचाही फरक न पडता. भरमूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो इतक्या जोरात वाजवत होता की त्याची खुर्ची मागं सरकत होती. असं सुख गोमटेशनं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या अपराधासकट तो त्या सुखात उभा होता.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत राजमती उठली, सोनलचा हात बाजूला केला आणि भिंतीपाशी गोमटेशसमोर येऊन उभी राहिली.

“महाराज गेले ते गेले,” ती म्हणाली. “पण तिला चोर ठरवताना तू माझ्या शेजारी उभा होतास.”

त्यानं हात जोडले. ती त्या हातांकडं बघत राहिली आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणाली नाही. ती वळली आणि खुर्च्यांमधल्या वाटेनं मागं चालू लागली. टाळ्या ओसरल्या. लोकांना वाटलं, म्हातारी रागानं बाहेर चाललीय. त्यांनी पाय आवरून वाट दिली. शेवटच्या रांगेपाशी ती थांबली. पद्माकाकूनं मान वर केली नाही.

“तू आणून दिलतीस,” राजमती म्हणाली.

काकूनं बोटावरचा पदर सोडला. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

“व्हय. दिलती.”

“पुढं चल. हितनं काय दिसतंय तुला?”

दिव्या उठू लागली, पण राजमतीनं तिला खुणेनं बसवलं आणि जावेच्या दंडाला स्वतः धरलं. दोघी गुडघ्यांनी अधू, त्यामुळं वाट कापायला वेळ लागला. कुणी कुणाला आधार दिला होता ते सांगता आलं नसतं. सोनलनं आपली खुर्ची मोकळी केली. बाहेरच्या मांडवातून वाढप्यानं येऊन ताटं वाढायची का म्हणून विचारलं. राजमतीनं वर, पत्र्याच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हाकडं बघून अंदाज घेतला. उन्हाच्या बाबतीत तिचा अंदाज साठ वर्षांत चुकला नव्हता.

“अजून दिवस हाय,” ती म्हणाली, आणि मग नागेंद्रकडं वळली. “पुन्यांदा म्हणा. हिला मागं नीट ऐकू आलं न्हाई.”

नागेंद्रनं तेच गाणं लागोपाठ दोनदा कधी वाजवलं नव्हतं. त्यानं गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला. भरमूनं खुर्ची पुढं ओढली. वखारभर माणसं पुन्हा उभी राहू लागली आणि खुर्च्या खरखरल्या.

त्या आवाजात पद्माकाकू राजमतीच्या कानाशी वाकली.

“राजाक्का, कुठं वरडायचं?”

“मी सांगते,” राजमती म्हणाली, आणि तिचा हात हातात घेऊन ती पुढं बघत बसली.